रोज खिशात ठेवायचा चाकू: कात्री हवी की पक्कड, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकलने ऑफिसला जाता, दिवसभरात पार्सलं उघडायची असतात, चष्म्याचा स्क्रू सारखा ढिला होतो, फळं कापायची असतात, महिन्यातून एखाद वेळी डोंगरात भटकंती होते. या सगळ्यासाठी एकच घडीचा चाकू हवा आहे. तीसेक अवजारांचा जाडजूड घ्यावा, पक्कडवाला मल्टीटूल घ्यावा, की किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा चिमुकला? पात्याला लॉक हवंच का? आणि स्टील कोणतं चांगलं?

मी घडीच्या चाकूंना धार लावतो आणि ते दुरुस्त करतो. विकत घेताना लोक काय बघतात त्यापेक्षा, वापरून वापरून चाकू कसा होतो हे माझ्या डोळ्यांसमोर जास्त असतं. मोठ्या, भरगच्च चाकूंचं चित्र जवळजवळ सारखंच. मुख्य पात्याचा पुढचा भाग बोथट झालेला आणि त्यावर चिकटपट्टीचा डिंक. कात्री वापरून गुळगुळीत. चपट्या स्क्रूड्रायव्हरचे कोपरे घासलेले. आणि माशाचे खवले काढायची पट्टी, भिंग, लोखंड कापायची कानस ही मंडळी कारखान्यातून निघाली तशी कोरी करकरीत. कधी कधी तर त्यांचे सांधे न उघडल्यामुळेच आखडलेले असतात.

म्हणून 'सगळं करणारा चाकू कोणता' हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. गरज पडते त्या क्षणी जो तुमच्या अंगावर असेल तो चाकू तुमचा. बाकीचे कपाटातले.

वजनापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ५८ मिमीचा (हे माप मिटलेल्या चाकूच्या लांबीचं) क्लासिक सुमारे २१ ग्रॅमचा. ९१ मिमीच्या घरातला दोन थरांचा (थर म्हणजे शेजारीशेजारी बसवलेल्या अवजारांची एक रांग) स्पार्टन ६० ग्रॅमच्या आसपास, कात्रीचा थर वाढवलेला क्लाइंबर ८० च्या थोडा वर. ३३ कामं करणारा स्विसचॅम्प १८५ ग्रॅम. लेदरमनचा वेव्ह प्लस २४० ग्रॅमच्या पुढे जातो, आणि वजन कमी करायचं म्हणून नुसता सांगाडा ठेवलेला त्यांचाच स्केलेटूल सुद्धा १४० ग्रॅम भरतो. माझ्या पाहण्यात साधारण शंभर ग्रॅमपर्यंतचा चाकू माणूस पॅंटच्या पुढच्या खिशात विसरून जातो. त्यापुढे गेला की तो आधी पाऊचमध्ये जातो, मग बॅगेत, मग घरी राहतो. ही मर्यादा सगळ्यांना सारखी नाही. जाड कापडाची पॅंट आणि कमरेला पट्टा असेल तर दीडशे ग्रॅमही चालून जातील. पातळ कापडाचे कपडे घालत असाल, किंवा कपड्यांना धड खिसेच नसतील, तर साठ ग्रॅमसुद्धा लोंबतील आणि मग ५८ मिमीशिवाय पर्याय नाही.

अवजारांची संख्या मोजण्यापेक्षा थर मोजा. १८९१ च्या सुमारास स्विस सैन्याला मिळालेल्या चाकूत चारच गोष्टी होत्या: पातं, डबा उघडायचं अवजार, स्क्रूड्रायव्हर आणि आरी, म्हणजे भोक पाडायचं टोकदार अवजार. सैनिकाला जेवायचं होतं आणि रायफल खोलायची होती, बस. १८९७ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सनर यांनी अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची रचना नोंदवली, आणि तिच्यातली खरी करामत अशी की एकाच स्प्रिंगच्या दोन्ही अंगांना अवजारं बसवली. त्यामुळे दुसरं लहान पातं आणि बूच काढायचा स्क्रू वाढूनही चाकू जाड झाला नाही. आजही हिशोब तोच आहे. पाठीमागचं अवजार, म्हणजे आरी किंवा बूचस्क्रू, असलेल्या स्प्रिंगवरच बसतं आणि जवळजवळ फुकट मिळतं. पुढच्या बाजूने उघडणारं प्रत्येक मोठं अवजार, म्हणजे कात्री, करवत, कानस, नवा थर मागतं. थर वाढला की वजन वाढतं, शिवाय चाकू हातात रुंद होत जातो आणि पात्याने कापताना मुठीची पकड बिघडते. चार थरांच्या पुढचा चाकू हातात धरून सफरचंद सोलून बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

आता मुख्य फाटा. या सगळ्या जगात खरं तर दोनच घराणी आहेत. एक स्विस चाकूचं, जे पात्याभोवती रचलेलं आहे. दुसरं टिम लेदरमन यांचं. १९७५ मध्ये ते एका जुन्या फियाट गाडीतून युरोपभर फिरत होते. गाडी सारखी कुरकुरायची, हॉटेलांतले नळ गळायचे, आणि खिशातल्या चाकूला पक्कड नसल्यामुळे ते अडून बसायचे. त्यातून १९८३ मध्ये पहिलं पॉकेट सर्व्हायव्हल टूल बाजारात आलं. ते पक्कडीभोवती रचलेलं आहे, पातं तिथे जोडीला आलेलं. दोन्ही घराणी आता एकमेकांच्या अवजारांची उचलाउचल करतात. स्विस चाकूत छोटी पक्कड मिळते, मल्टीटूलमध्ये कात्री मिळते. पण ज्याच्याभोवती रचना झाली ते अवजार उत्तम आणि पाहुणं अवजार कामचलाऊ, हा फरक अजून गेलेला नाही. स्विस चाकूतली पक्कड पातळ पत्र्याला किंवा अडकलेल्या चेनला ठीक. तिने नट पिळायला गेलात तर तोंड तिरकं होतं.

तेव्हा स्वतःला एकच विचारा: तुमच्या हाताला दिवसात धरून पिळायची, ओढायची, वाकवायची कामं जास्त पडतात की कापायची? वायरी, नळ, तारा, यंत्रं हे ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनी डोळे मिटून पक्कड घ्यावी आणि वजन पट्ट्यावर वागवावं. बाकीच्यांना कात्री लागते. हे ऐकून लोकांना गंमत वाटते, कारण चाकू घेताना कुणी कात्रीचा विचार करत नाही. पण कपड्याचा निघालेला धागा, औषधाची पट्टी, प्लास्टिकची घट्ट पिशवी, नख, बॅंडेज, केबलला बांधलेली प्लास्टिकची पट्टी ही सगळी कामं कात्रीने नेमकी होतात. चारचौघांत पातं उघडलं की आजूबाजूचे दचकतात, कात्री उघडली तर कुणी वळूनही बघत नाही. ऑफिसात वावरणाऱ्याला हा मुद्दा बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे.

तुमच्या यादीकडे येतो.

सायकल यादीतून काढून टाका. सायकलचे बहुतेक बोल्ट ४, ५ आणि ६ मिमीच्या षटकोनी चावीचे असतात, आणि त्या चाव्या असलेला सायकलचा वेगळा छोटा संच सीटखालच्या पिशवीत ठेवलेला बरा. चाकूत ते काम कोंबायला गेलात तर चाकूही बिघडतो आणि बोल्टचं डोकंही.

चष्म्याच्या स्क्रूसाठी साधारण दीड मिमीचं टोक लागतं. ९१ मिमीच्या ज्या स्विस चाकूंत बूचस्क्रू असतो, त्या बूचस्क्रूच्या वेटोळ्यात बसणारा एक चिमुकला स्क्रूड्रायव्हर मिळतो. काही मॉडेलांत तो सोबतच येतो, काहींत वेगळा घ्यावा लागतो. बूच आयुष्यात न काढणाऱ्यानेही बूचस्क्रूवालं मॉडेल घ्यावं असं मी या एका कारणासाठी सांगतो. शिवाय पक्की बसलेली दोरीची गाठ सोडवायला बूचस्क्रूच्या टोकासारखं दुसरं अवजार नाही.

मोठ्या स्क्रूंबद्दल दोन शब्द. फिलिप्स म्हणजे चौफुली स्क्रूचे सर्वांत जास्त भेटणारे माप क्रमांक १ आणि २. अनेक स्विस चाकूंत वेगळा फिलिप्स नसतो, पण डबा उघडायच्या अवजाराचं ३ मिमीचं टोक त्या दोन्हीत बऱ्यापैकी बसतं. हलक्या कामाला तेवढं पुरतं. वेगळा लांब फिलिप्स हवाच असेल तर तो पाठीमागे बसवलेला असतो आणि पिळताना चाकूचा आकार इंग्रजी टी सारखा होतो, जोर चांगला लागतो, पण खोल भोकात किंवा कोपऱ्यात चाकू फिरायलाच जागा नसते. रोज स्क्रू खोलणाऱ्याने बदलता येणारी बिटं असलेला मल्टीटूल घ्यावा, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

पार्सल आणि फळ या दोन गोष्टी वरवर एकाच पात्याच्या वाटतात. माझा आग्रह आहे की त्यांना दोन वेगळी पाती द्या. पुठ्ठा पात्याची धार खातो, कारण त्यात बारीक खनिज कण असतात, आणि चिकटपट्टीचा डिंक पात्यावर बसतो. त्याच पात्याने पेरू कापणं मला तरी जमत नाही. दोन पाती असलेला चाकू घेतला की लहान पातं पार्सलांचं आणि मोठं पातं खाण्याचं, अशी वाटणी करता येते. मोठ्या पात्याची धार मग महिनोन् महिने टिकते. ही वाटणी केलेले चाकू माझ्याकडे येतात तेव्हा लगेच ओळखू येतात.

डोंगरातल्या भटकंतीसाठी करवत हवी का, असं विचारलंत. चाकूच्या आकाराच्या मानाने ही करवत फार सरस असते, अंगठ्याएवढी ओली फांदी ती सहज कापते. पण दिवसभराच्या चालण्यात फांदी कापायची वेळ किती येते? तंबू ठोकून राहणारे असाल तर करवतीचा एक थर वाढवा, त्या कुटुंबात हंट्समन हे त्याचंच मॉडेल आहे आणि तेही शंभर ग्रॅमच्या आतच राहतं. नुसतं चढून उतरायचं असेल तर नको. त्यापेक्षा मुठीत खोचलेला चिमटा काटे काढायला जास्त वेळा लागेल. मात्र लक्षात ठेवा, चिमटा आणि दातकोरणं प्लास्टिकच्या मुठीतच मिळतं. ॲल्युमिनियमची मूठ असलेले, ज्यांना ॲलॉक्स म्हणतात ते चाकू जास्त मजबूत आणि बारीक असतात, पण त्या पातळ पट्ट्यांत या दोन वस्तूंना जागा नसते.

इथपर्यंतचं जुळवलं तर तुमच्यासाठी उत्तर असं निघतं: ९१ मिमीच्या घरातला, तीन थरांचा, दोन पाती, कात्री, डबा आणि बाटली उघडायची अवजारं, मागे आरी आणि बूचस्क्रू. म्हणजे क्लाइंबर किंवा त्याच्या आसपासचं कुठलंही मॉडेल. दुसऱ्या बनावटीचा याच मांडणीचा चाकू हातात चांगला बसला तर तोही घ्या, नावाचं मला काही नाही.

लॉकबद्दल मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे सरसकट हो किंवा नाही सांगणार नाही. साध्या स्विस चाकूचं पातं पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडं राहतं, त्याला अडकण नसते. धारेच्या दिशेने दाबून कापताना पातं अजूनच उघड्या स्थितीत ढकललं जातं, तिथे लॉकची गरज नाही. धोका दोन वेळी असतो: टोक खुपसताना, आणि कापताकापता अडकलेलं पातं झटक्याने मागे ओढताना. तेव्हा पातं मिटून बोटांवर येऊ शकतं. भोक पाडायला आरी वापरली आणि पात्याने खुपसायचं नाही एवढं हाताला वळण लावलं, तर रोजच्या कामात लॉक नसल्याचं जाणवत नाही. लाकूड कोरणं, हातमोजे घालून काम करणं, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी कापणं हे ज्यांच्या वाट्याला येतं त्यांनी लॉकवालं पातं घ्यावं. बहुतेकांत आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे बसते. ती पट्टी पुरती बसली की नाही हे बघूनच जोर द्यायचा, आणि मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतून बाजूला घ्यायचा.

लॉकचा दुसरा पैलू कायद्याचा. ब्रिटनमध्ये घडीचा, लॉक नसलेला, ३ इंचांपर्यंत म्हणजे ७.६२ सेंमीपर्यंत धार असलेला चाकू कारण न सांगता जवळ बाळगता येतो, आणि लॉक असला की तीच सूट जाते. इतर देशांचे नियम वेगळे आहेत, कुठे लांबीवर, कुठे उघडण्याच्या पद्धतीवर. तुम्ही राहता आणि फिरता तिथला नियम विकत घेण्याआधी वाचा. विमानाच्या केबिनमध्ये तर चाकू नेऊच नका. काही देशांत ६ सेंमीच्या आतलं पातं चालतं, पण परतीच्या विमानतळावर चालेलच असं नाही, आणि तपासणीवर उभ्या असलेल्या माणसाशी वाद घालून कुणाला चाकू परत मिळालेला मी ऐकला नाही. किल्ल्यांना चाकू लावणाऱ्यांची इथे हमखास फजिती होते. सतत विमानप्रवास असेल तर जेटसेटरसारखी बिनपात्याची, कात्रीवाली छोटी मॉडेलं असतात, पण तीही शेवटी तपासणाऱ्याच्या मर्जीवर.

स्टीलवर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि मी सगळ्यात कमी घालवेन. स्विस चाकूचं पातं रॉकवेल सी मापाने ५६ च्या आसपास कडक असतं. एस३०व्ही किंवा १५४सीएम अशा स्टीलची पाती त्याहून कडक करता येतात आणि त्यांची धार जास्त दिवस टिकते. पण ती बोथट झाली की घरच्या साध्या दगडावर धार यायला घाम निघतो, आणि बहुतेक जण मग बोथट चाकूच वापरत राहतात. ५६ च्या पात्याला पाच मिनिटांत धार येते. फळं कापणाऱ्याला, घामाच्या खिशात चाकू ठेवणाऱ्याला गंज न लागणारं मऊसर स्टीलच सोयीचं.

कडकपणाचा खरा उपयोग दुसरीकडे कळतो. त्याच चाकूत स्क्रूड्रायव्हर आणि डबा उघडायचं अवजार ५२ च्या आसपास ठेवलेलं असतं आणि स्प्रिंग ४९ च्या, म्हणजे मुद्दाम मऊ, कारण त्यांना पीळ आणि दाब सोसायचा असतो. पातं कडक आहे म्हणून धार धरतं आणि कडक आहे म्हणूनच पिळल्यावर तुटतं. माझ्याकडे येणाऱ्या मोडक्या चाकूंत सगळ्यात जास्त टोक उडालेली पाती असतात, आणि प्रत्येकाची गोष्ट तीच: रंगाच्या डब्याचं झाकण उचकटत होतो. उचकटायला बाटली उघडायचं ६ मिमी रुंद टोक आहे. आणि हो, चाकूच्या आतल्या पट्ट्या धातूच्या असतात, प्लास्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. चालू प्रवाहाच्या तारेला यातलं काहीही लावायचं नाही, मल्टीटूलची पक्कडसुद्धा नाही.

हातात घेऊन तपासता आला तर चार गोष्टी बघा. चाकू मिटवून उजेडासमोर धरा, थरांच्या मधून उजेड दिसता कामा नये. प्रत्येक अवजार उघडताना शेजारचं सोबत वर येता कामा नये. पातं उघडताना आणि मिटताना शेवटच्या टप्प्यात खटका स्पष्ट ऐकू यावा, आणि उघडं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवलं तर डुगडुगू नये. कात्रीने पातळ टिश्यू कागद टोकापर्यंत कापून बघा. मधेच दुमडला तर कात्री नीट जुळलेली नाही. नख खाचेत घालून अवजार उघडताना नख दुखत असेल तर ते वापराने थोडं सैल होतं, पण फार घट्ट असेल तर सोडून द्या, नाहीतर तुम्ही ते उघडायचं टाळाल. डावखुरे असाल तर हे सगळं डाव्या हाताने करून बघाच. नखाच्या खाचा बहुतेक चाकूंत उजव्या हाताच्या सोयीने असतात, डाव्या हाताची वेगळी मॉडेलं मोजकीच मिळतात.

देखभाल फार नाही. खिशातला कापूस आणि धूळ सांध्यात जाऊन बसते. कोमट पाण्यात सगळी अवजारं दहा-बारा वेळा उघडझाप करा, पूर्ण कोरडा करा, आणि प्रत्येक सांध्यात तेलाचा एकच थेंब. खाण्याचं पातं असल्यामुळे खाण्याला चालणारं खनिज तेल वापरा. स्वयंपाकाचं तेल नको, ते काही महिन्यांत चिकट राळ होऊन बसतं. न गंजणारं स्टील म्हणजे कधीच न गंजणारं नव्हे. लिंबू किंवा मीठ लागलेलं पातं तसंच मिटवून ठेवलं तर ठिपके पडतात.

धारेसाठी एक बाजू मध्यम आणि एक बारीक असा साधा दगड पुरे. प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन धरा. एका बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या काठावर धातूची बारीक झालर बोटाला खरखरीत लागली की बाजू बदला, मग बारीक दगडावर हलक्या हाताने दोन्ही बाजू आळीपाळीने. डिंक लागलेला असेल तर आधी तेलाच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर दगड भरतो. कात्रीला मात्र फक्त बाहेरचा तिरका काठ घासायचा. दोन पाती जिथे एकमेकांवर सरकतात त्या आतल्या सपाट बाजूला दगड लागला की मधे फट पडते, आणि ती कात्री पुन्हा टिश्यू कापत नाही. कात्रीची इवलीशी स्प्रिंग कधीतरी मोडेल, ती बहुतेक चाकूंत बदलता येते. तेवढ्यासाठी चाकू टाकून देऊ नका.